अंगण वाकडे होते

मी, उसामी तोमिझो, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार किताहामा, बंदरामागची चढणीची गल्ली, सीगल्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या मैदानाचा सदतीस वर्षे प्रमुख राखणदार, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही.

माझी एकुलती मुलगी चिगुसा हीच वारस असल्यामुळे तिचा नवरा कुरोसे मासातो याला साक्षीदार होता येत नाही, असे नोटरीबाई म्हणतात. त्यानेच मला इथवर आणले, तरी तो बिचारा खाली गाडीत बसून आहे. बरेच झाले.

कलम १. घर आणि आतले सर्व सामान चिगुसाला. न्हाणीघराचे दार उचलून लोटावे लागते. सुतार बोलावण्यावरून बापलेकीत वीस वर्षे भांडण झाले. माझे दिवस होईपर्यंतही न थांबता तिने तो खुशाल बोलवावा.

कलम २. बँकेतली ठेवही तिलाच. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या फुसाएच्या, थडग्याभोवतीचे गवत त्यातून काढून घ्यावे. मुळासकट. वरवर खुरपणारा माळी मला चालणार नाही.

कलम ३. माझी दोन दाताळी आणि पितळी तोटी माझ्या हाताखाली शिकलेल्या दोईला. सपाटीची लाकडी फळी त्याला मिळणार नाही, कारण मैदानात प्लास्टिकचे गवत टाकायच्या बैठकीत या गृहस्थाने नंदीबैलासारखी मान डोलावली. एकदा वाटाण्याएवढा खडा राहिला म्हणून मी याच दोईला आठवडाभर मैदानात पाऊल टाकू दिले नव्हते. हे वाक्य खोडू नये.

कलम ४. १९९३ च्या हंगामातली टोपी आणि तिकिटांचे तुकडे संघाच्या संग्रहालयाने मागितले तर द्यावेत. न मागितले तर जाळावेत. अकरा वर्षे आम्ही तळाला होतो. त्या एप्रिलमध्येही ओळीने नऊ सामने हरलो आणि लोक छत्रीने कठडे बडवत आम्हाला घरी जायला सांगत होते. मग ऑगस्टमध्ये काय अंगात आले कोण जाणे, हीच पोरे बावीस सामन्यांतले एकोणीस जिंकली. मासळी बाजार दुपारीच ओस पडू लागला. वादळाच्या आठवड्यात आम्ही सहा जण गुडघ्यांवर बसून स्पंजने पाणी टिपत होतो आणि व्यवस्थापक छत्रीखालून विचारत होते, "अजून किती वेळ?" माझे गुडघे तिथे गेले. शेवटच्या दिवशी आम्ही लीग जिंकलो. दुसऱ्या लीगच्या विजेत्यांशी अजिंक्यपदाच्या मालिकेत तीन सामने त्यांचे, तीन आमचे, आणि सातवा आमच्या मैदानावर.

कलम ५. आता खरे सांगतो.

आठव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद, दोन धावपटू बेसवर. चेंडू सरपटत आमच्या शॉर्टस्टॉपकडे गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली ती जागा सांभाळणारा सव्वीस वर्षांचा मुलगा म्हणजे हाच कुरोसे मासातो. असे चेंडू तो डोळे मिटून उचलत असे. चेंडू उसळला, त्याच्या खांद्यावरून गेला, दोघे होम बेसवर पोचले, दोन धावा गेल्या, आणि आम्ही हरलो. पत्रकारांनी घेरले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "जमिनीत काहीतरी होतं."

झाले! सगळे शहर त्याच्यावर तुटून पडले. नाचता येईना, अंगण वाकडे!

अंगण वाकडेच होते. तहान लागू नये म्हणून मी कामावर खारवलेल्या उमेची, त्या आंबट फळाची, टणक बी गालात धरत असे. पाचव्या डावानंतर सपाटी चालू असताना दोईवर ओरडायला तोंड मोकळे हवे, म्हणून मी ती थुंकली. कुठे थुंकली ते पाहिले नाही. सामना संपल्यावर शॉर्टस्टॉपच्या जागेपुढे ती मला मातीत दबलेली सापडली.

चौथ्या दिवशी संघाने मासातोला माझ्या घरी माफी मागायला पाठवले. मिठाईचा खोका पुढे सरकवून त्याने चटईला कपाळ टेकले. "उसामीसान, तुमच्या मैदानाला नावं ठेवली. चूक माझ्या हातांची होती."

बी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "ठीक आहे. पुढच्या वेळी तोंड सांभाळ." आणि त्याची मिठाई खाल्ली. तीन नग.

चहा चिगुसाने आणला होता, म्हणून पुढे तो माझा जावई झाला. संघाने त्याला वसंतातच काढून टाकले. तो होड्यांची इंजिने दुरुस्त करतो, पण ग्लव्ह त्याने पुन्हा हातात घातला नाही, पोटच्या मुलासाठीसुद्धा नाही. दर नववर्षाला कोणी ना कोणी नातेवाईक पिऊन ओरडतो, "मासातो, वाटी इकडे दे, सोडू नकोस हं!" सगळे हसतात. मीही हसतो. बत्तीस वर्षे हसतो आहे. मला माझीच किळस येते.

म्हणून माझ्या दिवसांच्या जेवणात, सर्व नातेवाइकांसमोर, हे कलम मोठ्याने वाचावे.

नोटरीबाईंनी इथे पेन खाली ठेवले. "आजोबा, लिहिते मी. पण तुमच्या माघारी माफी मागायला कायद्यात माणूस नेमता येत नाही."

साक्षीदार मोरिवाकी तामेको, माझी चहाच्या दुकानातली शेजारीण, मध्येच म्हणाली, "मेल्यावर कसली माफी मागताय? माणूस खाली गाडीत बसलाय. उठा की!"

साक्षीदाराने सही करावी, सल्ला देऊ नये, असे मी तिला सुनावले आहे.

सही: उसामी तोमिझो
साक्षीदार: मोरिवाकी तामेको, नागुमो एत्सुरो, निवृत्त दंतवैद्य
किताहामा, १४ नोव्हेंबर २०२५

पुरवणी, त्याच दिवशी, तासाभराने.

मी खाली गेलो आणि सांगितले. त्याने इंजिन बंद केले. मग विचारले, "कुठे होती?"

"तुझ्या डाव्या पायापुढे. दोन हातांवर."

"म्हणजे ग्लव्ह मी बरोबर जागी नेला होता."

"बरोबर जागी. चेंडूच आला नाही."

अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, स्टेअरिंगवर डोके ठेवून हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर म्हणाला, "नको, बाबा. आज नको. घरी सोडतो तुम्हाला, पण वाटेत एक शब्द बोलू नका. चिगुसाला मी सांगेन."

तेव्हा कलम ५ मधले वाचन रद्द समजावे. सपाटीची फळी मासातोला द्यावी, त्याने ती चुलीत घातली तरी चालेल. नोटरीबाई, जरा लवकर आटपा. मी आत्ताच खिडकीतून पाहिले, तो अजून थांबला आहे.

सही: उसामी तोमिझो
साक्षीदार: वरीलच दोघे