तीन फ्यूज

प्रिय धाकट्या,

अक्षर पाहून हसू नकोस. डाव्या हाताचं आहे. चार महिने गिरवतोय, पहिलीतल्या पोरासारखा. उजव्याची तीन बोटं अजून माझं ऐकत नाहीत. तुझी वहिनी म्हणते, कशाला लिहिता, त्याला लाज असती तर स्वतः आला असता. मी म्हणतो, लाज आहे म्हणूनच येत नाही. लेक घरात नसली की आमचं यावरून रोज वाजतं.

वादळानंतरच्या सफाईला तू पहिल्यांदा माझ्याबरोबर आलास, आठवतं? पाल दिसली तरी किंचाळायचास, आणि म्हणे वायरमन व्हायचंय! पकड-पाना मी तुला नंतर दिला, आधी नियम दिला. पाण्यात जो उतरणार, फ्यूज त्याच्या खिशात. मेन स्विचमधून काढायचे आणि स्वतःजवळ ठेवायचे. साहेबाकडे नाही, मुकादमाकडे नाही, टेबलावर तर मुळीच नाही. म्हणजे वरच्यांना कितीही घाई असली तरी आपण बाहेर आल्याशिवाय वीज येत नाही. तू वैतागायचास, दादा, किती वेळा तेच तेच. बावीस वर्षं मी तेच बडबडलो, आणि बावीस वर्षांत आपल्या टोळीतल्या एकालाही साधा चटका बसला नाही.

मग हा पूर आला. दवाखान्याच्या तळघरात छातीपर्यंत पाणी, पंप चिखलानं तुंबलेला, तो मोकळा करायला कुणीतरी उतरायलाच हवं होतं. तिन्ही फ्यूज मी काढले. खिशात टाकले तर भिजतील, मग दिवसभर वाळवत बसा, म्हणून तुझ्या हातात दिले. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला, पण तेव्हा तसं वाटलंसुद्धा नाही रे. सख्ख्या भावाचा खिसा, तो काय परका?

वर मोठे साहेब पाहणीला आले होते आणि त्यांना दिवे हवे होते, हे मला झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. त्या जिन्यातच होत्या. मुकादम म्हणाला, दोनच मिनिटं, आणि तू फ्यूज लावलेस. चौकशीला मावशींना कुणी बोलावलंच नाही. तुला नाही म्हणता आलं नाही, हे मी समजू शकतो. खरंच. साहेबापुढे मीही कितीदा मान डोलावलीय.

त्यानंतरचं मात्र समजत नाही. वॉर्डात माझ्या उशाशी बसून तू मोसंबी सोललीस, बिया काढून एकेक फोड मला भरवलीस. मग बेसिनवर हात धुतलेस, समोरच्या खोलीत गेलास आणि चौकशीवाल्यांना सांगितलंस की दादानं फ्यूज काढलेच नव्हते, विसरला. मी विसरलो! अरे, बायकोचा वाढदिवस विसरेन, ते विसरेन? माझ्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला आणि मुकादम बदलून गेल्यावर त्याची जागा तुला मिळाली. अंगाची आग होते धाकट्या. वीज लागली तेव्हाही एवढा पोळलो नव्हतो.

तू माफी मागावीस म्हणून हे लिहीत नाहीये. लेकीनं मला न सांगता माझ्या जागेसाठी अर्ज केला होता. सोमवारी ती रुजू होतेय, तुझ्याच टोळीत. शाळेच्या तळघरात पुन्हा पाणी शिरलंय म्हणे. तिथे काका आहे, म्हणून ती निर्धास्त आहे. तिला वाटतं, तिचा बाप विसरला. तिचा काका तिच्यापासून हिरावला जाऊ नये म्हणून मी गप्प बसलो, आणि आता त्या गप्प बसण्याचीच भीती वाटते. तुझ्या वहिनीनं तिला प्लास्टिकची एक पिशवी शिवून दिलीय, गळ्यात अडकवायची, फ्यूज भिजू नयेत म्हणून. पोरगी तिची चेष्टा करेल. पिशवी घरी विसरेल, आणि उतरताना फ्यूज तुझ्याच हातात द्यायला येईल, माझ्यासारखीच. तू घेऊ नकोस.

काही झालं तरी तुझाच,
दादा