आधी खुशाली, मग प्रश्न

३ ऑगस्ट, शनिवार

आजही उत्तर नाही!

चौथ्या पट्टीवर डाळिंबाचं फूल पुन्हा बोटभर खाली सरकलं. तीन पट्ट्या सरळ, चौथी वाकडी. चारही जोडल्या की फूल मधोमध चिरल्यासारखं दिसतं. आज दुसऱ्यांदा उसवलं. उसवलेला लाल दोरा फेकला नाही, रिळावर परत गुंडाळून ठेवला. आतल्या अस्तराला चालेल.

लेकीचं, शाहोदातचं लग्न २१ सप्टेंबरला. आईने भरलेली सुझनी, म्हणजे भरतकामाचा मोठा पडदा, लेकीच्या खोलीत टांगायची — त्याशिवाय आमच्या उर्गूत गावात कुणी मुलगी सासरी पाठवत नाही. माझी बोटं आता सुई धरत नाहीत, म्हणून हे जुनं मशीन, आणि त्याला नक्षी सांगणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. मुलाकडच्या बायका येतील, सुझनी उलटी करून टाके बघतील. वाकडं फूल बघून काय म्हणतील? "आईनेच असं भरलं तर लेक काय करणार!"

प्रोग्रामच्या कंपनीला फोन करायची सोय नाही. 'अडचण मंचावर लिहा.' मंच म्हणजे त्यांच्या साइटवरचं एक पान. लोकांनी तिथे आपलं रडगाणं लिहायचं, कंपनीच्या मदतनिसांनी उत्तर द्यायचं. म्हणे!

५ ऑगस्ट, सोमवार

मंचावर शिरायचं तर आधी नऊ चित्रांतले पूल ओळखून दाखवायचे. मी माणूस आहे हे त्यांना पटवायचं! एका चित्रात पूल होता की कठडा, कळेना. तीनदा नापास. बावन्न वर्षांची बाई मी, दहावी पहिल्या वर्गात.

मग नीट लिहिलं. इथे उतरवून ठेवते:

"अस्सलामु अलैकुम, मानाचे मदतनीस. आपण खुशाल आहात ना? घरची मंडळी, मुलंबाळं, वडीलधारे बरे? आईची तब्येत कशी आहे? शहरात उकाडा फार म्हणतात, डोक्याला ओलं फडकं बांधत जा. आमच्याकडे टोमॅटो बरण्यांत भरण्याचे दिवस आहेत. तुमच्या कामाला बरकत येवो. आता माझी लहानशी अडचण सांगते…"

२९ जुलैपासूनचा हा तिसरा प्रश्न. दर वेळी खुशाली नव्याने लिहिते. परवाची खुशाली आज कशी चालेल? मधल्या दिवसांत माणूस आजारी पडलेला असायचा!

७ ऑगस्ट, बुधवार

धाकट्या जावेने, हुरियतने, आज जीव नकोसा केला. अंगण एक, तंदूर एक. सकाळी मी नान थापत होते तर ही शेजारी येऊन टेकली. तिच्याकडेही हाच प्रोग्राम — मशीन मात्र कोरं करकरीत.

"आपा, मला तर दहा मिनिटांत सांगितलं हो!"

"काय लिहिलं होतंस?"

"लिहायचं काय? 'दोरा तुटतो. काय करू?'"

"आणि सलाम?"

"कुणाला? कॉम्प्युटरला?" आणि हसली. ते तिचे सोन्याचे दोन दात!

माझा एक नान तंदुराच्या भिंतीवरून सुटून राखेत पडला. उचलला, झाडला, मीच खाल्ला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नमाजनंतर बराच वेळ बसून राहिले. मत्सर मोठं पाप आहे हे मला ठाऊक आहे. तौबा केली. मनापासून केली.

मग उठून वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. मी — प्रश्न ४, उत्तरं ०. हुरियत — प्रश्न ३, उत्तरं ३. हिशोब हिशोबाच्या जागी. त्यात पाप नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

हुरियतच्या नावापुढे पिवळा तारा आला! 'उत्तम प्रश्नकर्ती.' सासूबाईंना फोन नेऊन दाखवला. त्यांना अक्षर दिसत नाही, पण तारा दिसला. म्हणाल्या, "धाकटी हुशार आहे पहिल्यापासून."

पहिल्यापासून! ही लग्न होऊन आली तेव्हा हिला पुलावाचं पाणी कळत नव्हतं. मी शिकवलं.

रात्रीच्या पुलावात तिने पाणी जास्त घातलं तेव्हा मी काही बोलले नाही. पण बरं वाटलं. तौबा.

२० ऑगस्ट, मंगळवार

मंचाचा निरोप: 'तुमचा प्रश्न आधीच्या २१४ प्रश्नांसारखा वाटतो. कृपया ते वाचावेत.' वाचले. दीड दिवस गेला. सगळे दोरा तुटण्याचे.

२१ ऑगस्ट, बुधवार

माझा पहिला प्रश्न 'हालचाल नसल्यामुळे' बंद केला. हालचाल मी करायची होती?

२६ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते लिहू नये, पण लिहिते.

बाजारातून आले तर शाहोदात हुरियतच्या ओट्यावर. मांडीवर माझी चौथी पट्टी! हुरियत सांगत होती, "आईला म्हणावं, मी विचारू का तिच्यासाठी? मला ते लगेच सांगतात."

पट्टी ओढून घेतली. शाहोदात मागे धावत आली. "आई, वीस-पंचवीस दिवस राहिलेत. काकूने विचारलं तर काय बिघडतं?"

"सुझनी आईची असते. काकूची नसते."

"मग ती वाकडी टांगायची का?"

ह्यांनी खरबूज कापता कापता एवढंच म्हटलं, "दोघी जावा एका मंचावर! आता अंगणात जागा उरली नाही वाटतं भांडायला."

ह्यांना कधी कुणाचा हेवा वाटला नाही. वाटायला आधी आजूबाजूला बघावं लागतं.

२ सप्टेंबर, सोमवार

शाहोदात फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशीचं मनात ठेवलं नव्हतं तिने. मंचाची यादी उघडली.

"आई, बघ. लोकांना बाहेरून प्रत्येक प्रश्नाची फक्त दीड ओळ दिसते. ती बघून उघडायचं की नाही ते ठरवतात."

पाहिलं. हुरियतची दीड ओळ: 'सुई अडकते, खालचा दोरा गोळा होतो.' माझी दीड ओळ: 'अस्सलामु अलैकुम, मानाचे मदतनीस. आपण खुशाल आहात ना? घरची मंड…'

एकाखाली एक सहा. सहाही तशाच.

"लोकांना वाटत असेल, ह्या बाईला काही अडचणच नाही. ही फक्त भेटायला येते."

हसू आलं. मग रडू आलं. पाच आठवडे मी दारात उभी राहून खुशाली विचारत होते, आणि दार उघडायला कुणी आलंच नव्हतं.

"सलाम काढून टाक, आई."

"अगं, कुणाच्या दारात जाऊन 'माझं फूल सरकतं' असं ओरडायचं?"

३ सप्टेंबर, मंगळवार

सलामाशिवाय लिहिणार नाही. अजिबात नाही!

९ सप्टेंबर, सोमवार

लिहिलं.

बारा दिवस राहिले. काल मुलाच्या आईचा निरोप आला, गुरुवारी नाही तर शुक्रवारी चार बायका रुखवत बघायला येतायत. पहाटेच्या नमाजनंतर आधी माफी मागितली, मग फोन घेतला. 'चौथी पट्टी बोटभर खाली सरकते. का?' एवढंच. परक्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं.

चहा गाळेपर्यंत उत्तर! सहा मिनिटं. 'मदतनीस-४' कडून: 'कापड ताणायच्या चौकटींच्या यादीत तुमच्याकडे नव्या मशीनचं माप निवडलेलं आहे. जुन्या मशीनचं निवडा.'

निवडलं. फूल जागेवर बसलं. केसाइतकंही हललं नाही.

आनंद व्हायला हवा होता. दिवसभर वाटत राहिलं की हुरियत बरोबर होती. हेच सगळ्यात झोंबलं. अल्लाने तिला सोन्याचे दात दिले, कोरं मशीन दिलं, तारा दिला — आता शहाणपणही तिचंच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बायका येऊन गेल्या. चार पट्ट्या जोडून भिंतीला लावल्या होत्या. मुलाच्या आईने सुझनी उलटी केली, टाक्यांवरून अंगठा फिरवला, फुलाशी थांबली. "जोड कुठे आहे?" विचारलं तिने. दाखवावा लागला!

हुरियतने मटणाचा शोर्पा वाढला. पाहुण्यांपुढे म्हणाली, "आपांनी कुणाला न विचारता केलं सगळं." टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. तिच्या वाडग्यात मी मांसाचा मोठा तुकडा घातला. हातून गेला.

१४ सप्टेंबर, शनिवार

मंचावर माझ्या नावाने खाजगी निरोप. मदतनीस-४. बाई निघाली!

"वालेकुम अस्सलाम, खाला. तुमचे सहाही सलाम मी वाचले. रोज सकाळी कामाला बसताना आधी तुमचं पान उघडायची. उत्तर पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, पाठवलं नाही. इथे उत्तर मिळालेला माणूस परत येत नाही. चूक माझी, माफ करा. पण सोमवारी तुमचा सलामच नव्हता. मी घाबरले. घरी सगळे बरे आहेत ना?"