उलटी लागलेली फ्रेम

प्रिय ताई,

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळावर आठ्या पडतील आणि लगेच तू बोटांनी त्या सारख्या करशील. आज मी तुला आठ्या पाडायलाच बसले आहे, तेव्हा सावकाश वाच.

उद्या सकाळी दहाला तुझ्या दुसऱ्या पार्लरचं उद्घाटन. खुर्च्या नव्या, आरसे नवे, पण काउंटरमागच्या भिंतीवर जुनीच फ्रेम लागली आहे म्हणे. माझ्या दोन फोटोंची. डावीकडे गालावर काळा चट्टा, त्याखाली 'आधी'. उजवीकडे नितळ गाल, त्याखाली 'नंतर'. आणि दोन्हींच्या मध्ये तुझ्या घरगुती लेपाचं नाव. अकरा वर्षं बायका ती फ्रेम बघून भुलतात आणि लेपाची बाटली पर्समध्ये टाकून घरी जातात.

मला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. अर्जाला लावायचा फोटो स्टुडिओतून आणला आणि कौतुकाने आधी तुलाच दाखवला. छान आलाय म्हणाली असतीस तर तुझं काय जाणार होतं? पण तुला फोटोत न आलेल्या, माझ्या गालावरच्या दोन पुटकुळ्या दिसल्या. वाटीत लिंबू पिळलंस, खायचा सोडा घातलास आणि गालभर फासलंस. मी जळतंय, जळतंय म्हणून ओरडत होते आणि तू माझे दोन्ही हात धरून सांगत होतीस, जळजळतंय म्हणजे लागू पडतंय. वीस मिनिटं, ताई. तुझ्या हातातलं ते घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी मोजलीत. कातडी सोलवटली, चट्टा पडला, मुलाखत हुकली. पुटकुळ्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

दीड महिन्याने चट्ट्याचा फोटो तूच काढलास, डॉक्टरांना दाखवते म्हणून. डॉक्टरांपर्यंत तो कधी पोचलाच नाही. तो मला थेट तुझ्या भिंतीवर भेटला, माझ्या अर्जाच्या फोटोशेजारी, उलट्या क्रमाने. नंतरचा 'आधी' आणि आधीचा 'नंतर'! मी भांडायला निघाले तर आईने अडवलं. ताईचं घर त्या पार्लरवर चालतंय, तू गप्प बस म्हणाली. मी बसले. आई गेली तरी गप्पच होते.

मग मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले, ती अजून तिथेच आहे. तुझी गिऱ्हाइकं शेवटी आमच्याच बाकावर येऊन बसतात, हे तुला कोणी सांगत नसेल. एकीने पुटकुळीला टूथपेस्ट लावून गाल भाजून घेतला होता. एक पुटकुळ्यांना मळ समजून तुझ्या खरखरीत पावडरने रोज तोंड घासत होती. पुटकुळी आतून येते गं, घासून कशी जाईल? तिसरीचा चेहरा तेलकट, म्हणून तू तिला क्रीम बंद करायला लावलंस आणि दिवसातून सहा वेळा साबण. ती आली तेव्हा तोंडाचे पापुद्रे निघत होते. वाफ घेतली की रंध्रं उघडतात, हे तुझं आवडतं वाक्य ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रंध्रांना काय कड्या-कोयंडे असतात? आणि लिंबू झाडाला लागतं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. डोळ्यात पिळून बघ एकदा.

माझा चट्टा जायला तीन वर्षं लागली. रोज मलम, आणि घराबाहेर पडताना उन्हाचं क्रीम, आभाळ भरलेलं असलं तरी, कारण ढगांतूनही ऊन कातडीपर्यंत पोचतं. चेहरा साफ झाला आणि तू चारचौघांत माझी हनुवटी धरून दाखवलीस, बघा आमच्या लेपाची कमाल! त्या दिवशी तुझा हात मी झटकला नाही, याची मला आजही लाज वाटते.

ती लाज गेल्या सोमवारी माझ्यासमोर येऊन बसली. तुझी लेक. ओढणीने तोंड झाकून आली होती, तुला कळू न देता. ओढणी काढली आणि मला माझाच गाल दिसला. तिने लेप रात्रभर ठेवला होता. आग होत होती तरी धुतला नाही. का, माहीत आहे? मावशीचा डाग गेला, मग माझ्या पुटकुळ्याही जातील, म्हणाली. तुझ्या खोटेपणाने आणि माझ्या गप्प बसण्याने तिला भाजलं. मी पट्टी ठेवता ठेवता तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. पार्लरमध्ये जाऊन तिने फ्रेमची पाठ उघडली. 'नंतर'च्या फोटोमागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का आहे आणि 'आधी'च्या फोटोमागे तुझ्या हातची तारीख. दोन्हींत दीड महिन्याचं अंतर, उलट्या बाजूने.

हे पत्र तुला ती उद्या पावणेदहाला देईल. मुद्दाम तेवढ्या उशिरा. फ्रेममधले फोटो तोवर तिने त्यांच्या खऱ्या जागी लावलेले असतील. पंधरा मिनिटांत फ्रेम उतरवणं तुला सहज जमेल. पण पाहुण्यांच्या स्वागताला दारात तुझी लेकच उभी राहणार आहे, आणि जखम भरेपर्यंत तिने मेकअपचं बोटही गालाला लावायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. कोणी विचारलंच, हे कशाने झालं, तर ती सांगणार आहे. तिचे हात धर बघू आता.

तुझीच,
भिंतीवरची धाकटी