ह्यांच्या फोनमधले रविवार

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ह्यांच्या ऑफिसातून पुन्हा फोन. लिफ्टच्या कंपनीत अठरा वर्षं काढली ह्यांनी. जाऊन तीन आठवडे झाले आणि साहेबांना काय हवंय, तर कंपनीचा मोबाईल. "घाई नाही, वहिनी. चौदा तारखेच्या शुक्रवारपर्यंत जमा करा. मग तो पुसून टाकतात, खातंही बंद होतं." घाई नाही म्हणे.

म्हटलं, त्यातलं कॅलेंडर तेवढं काढून घेऊ का? साहेब म्हणाले, "फोटो घ्या ना. कॅलेंडरचं काय करणार?"

काय सांगणार त्यांना?

बुधवार, ५ नोव्हेंबर

ते जिन्यात कोसळले तेव्हाच फोन फुटला. खालची अर्धी स्क्रीन काळी. बोट लावलं तरी ढिम्म. वरच्या अर्ध्या भागात वेळ दिसते, काही निरोप आला तर तेवढा दिसतो. कपाटात शर्टांच्या खाली चार्जिंगला ठेवलाय. मध्येच थरथरतो आणि मी दर वेळी दचकते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

शाळेतून अर्धी रजा घेऊन दुकानात गेले. ह्या मॉडेलची स्क्रीन आता मिळत नाही. "पण आत कार्ड आहे, काकू. बॅकअप काढून देतो." दीड तास बसवून ठेवलं. "घ्या, शंभर टक्के झाला."

घरी येऊन पाहिलं. बाराशे फोटो, त्यातले नऊशे लिफ्टच्या मोटारींचे. गाणी आली. कॅलेंडर नाही. दुकानात फोन केला तर म्हणतो, "कॅलेंडर फोनमध्ये नसतं, काकू, खात्यात असतं." मग शंभर टक्के कशाचे झाले होते?

शनिवार, ८ नोव्हेंबर

नणंद आली होती. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं. मग – "वहिनी, दादा रविवारी संध्याकाळी कुठे जायचा गं?"

"फिरायला."

"तळ्यावर दिसला होता मला दोनदा. बाकावर बसलेला. शेजारी दोन कप." पर्स उचलत म्हणाली, "मी आपलं सांगितलं."

आपलं सांगितलं! आपलं सांगून आपली निघून गेली.

मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणजे जातात हे माहीत होतं. दर रविवारी साडेचारला इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. दारात मिनिटभर उभे राहायचे, मग जायचे. मी कपड्यांच्या घड्या घालत असायचे. कुठे, कुणाबरोबर – विचारलं नाही. तेवीस वर्षं संसार केल्यावर हे कोणत्या तोंडाने विचारायचं? आता तर विचारायलाच कुणी नाही. जे काय असेल ते त्या कॅलेंडरमध्ये. अमुक लिफ्टला तेल घालायचं हेसुद्धा लिहून ठेवणारा माणूस, हे लिहिलं नसेल होय?

रविवार, ९ नोव्हेंबर

पाचला दहा कमी असताना कपाटात थरथर. उघडून पाहिलं. वरच्या अर्ध्यात एक ओळ – "५:०० तळ्याकाठी, दोघं". मग स्क्रीन विझली.

दोघं.

सोमवार, १० नोव्हेंबर

लेकीला फोन. तिला इतकंच सांगितलं, की बाबांचं कॅलेंडर जपून ठेवायचंय. "मग त्या फोनचा नाद सोड, आई. माझ्या जुन्या लॅपटॉपवर बाबांचं खातं उघड. 'पासवर्ड विसरलात' दाब. कोड बाबांच्या फोनवर येईल."

कोड येतो. मी कपाटापर्यंत जाऊन चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपते. असं तीनदा.

"तिथे तीन ठिपके दिसतायत?"

"ठिपके नाहीत. चाक आहे."

"मग चाक दाब."

"दाबलं. काही होत नाही."

"माऊसने दाब, आई. बोटाने नको."

शेवटी लॅपटॉपनेच सांगितलं, चोवीस तासांनी प्रयत्न करा. ह्या घरात आता सगळेच मला थांबायला सांगतात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

थांबले.

थांबून थांबून नको ते आठवतं. गेल्या वर्षीचा जून. एका रविवारी मी कपडे भिजवलेले, हात साबणात, आणि हे चपला घालून दारात – "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." मी भडकले. आयत्या वेळी सांगत जाऊ नका. आधी विचारत चला, मग बघू. शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

त्यानंतर बोलावलं नाही कधी. दोनेक दिवसांनी "पाठवलंय, बघ" असं काहीतरी म्हणाले होते. बघते म्हटलं. त्यांच्या ग्रुपवरचे लिफ्टचे व्हिडिओ कोण बघणार?

बुधवार, १२ नोव्हेंबर

खातं उघडलं! चष्मा आधीच नाकावर ठेवला होता.

समोर रंगीबेरंगी चौकोन. रविवारचे तेवढे हिरवे. उघडले नाहीत – लेक फोनवर होती. आधी सगळ्याची फाईल उतरवून घेतली. उघडली तर आत नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं, एकाला एक चिकटलेली. "ती वाचायची नसते गं, तुझ्या कॅलेंडरमध्ये घ्यायची असते."

"माझं कॅलेंडर कुठे आहे?"

"मी तुला मेल काढून दिला होता ना, त्याच्यातच असतं."

मेल उघडला. न वाचलेले एक हजार चारशे बारा.

"आई, तू बघतेस का कधी?"

"सेलच्या जाहिराती असतात त्या." कशाला बघू?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शाळेतून येऊन फाईल घ्यायला बसले. आधी म्हणे फाईल चुकीची. ती झिप असते, आधी उलगडून घ्यावी लागते हे लेकीने आज सांगितलं. मग घेतली एकदाची. चारशे बारांपैकी चारशे अकरा नोंदी. एक घेतली नाही – ती म्हणे आधीच आहे. आयुष्यात कधी त्या कॅलेंडरमध्ये मी एक अक्षर लिहिलेलं नाही. आधीच कशी असेल?

तासभर एकेक नोंद ताडून पाहिली. राहिली ती नेमकी रविवारची. ह्यांच्या खात्यात जाऊन ती उघडायचा धीर होत नाही.

आता रडू येत नाही, नुसता संताप येतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी फोन द्यायला ह्यांच्या ऑफिसला निघण्याआधी ते 'पाठवलंय, बघ' आठवलं; माझ्या कॅलेंडरमधला गेल्या वर्षीचा जून काढून पाहिला. तिथे ती होती. भांडणानंतरच्या सोमवारी ह्यांनी पाठवलेली.

तळ्याकाठी, दोघं. दर रविवारी पाच वाजता. संपण्याची तारीख – नाही. निमंत्रित – मी. उत्तर – अजून नाही. खाली तपशिलात एवढंच – "आधी विचारतोय."

एकाहत्तर रविवार दोन कप घेऊन.

शेवटी हो, नाही, कदाचित अशी बटणं. हो दाबलं. त्याने विचारलं – फक्त हा रविवार, की सगळे?

सगळे.