न उघडलेली मोरचुदाची पुडी

प्रति,
मेहेरबान शेतकी अधिकारी साहेब,
शेतकी खात्याची कचेरी, सोलापूर.

अर्जदार : जोतीराम वल्द कुंडलिक, धंदा शेती, राहणार वळसंगच्या शिवेवरील वाडी.

विषय : शेतकी कामगार बसप्पा मास्तर यांचा राजीनामा मंजूर न होणेबाबत.

संदर्भ : गेल्या पौषातील साहेबांचा दौरा, व त्या वेळी अर्जदाराने साहेबांस दिलेले खोटे उत्तर.

महोदय,

सविनय अर्ज ऐसा की, अर्जदारास अक्षरओळख नाही. सबब त्याची हकीकत कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जलेखकाने त्याच्या तोंडून ऐकून लिहिली आहे. जोतीराम बोलतो थोडे आणि मान हलवतो फार. जेथे त्याने नुसती मान हलवली, तेथे लेखकाने पुन्हा विचारून मगच लेखणी टेकवली आहे. असे का करावे लागले ते पुढे येईल.

१. बसप्पा मास्तर हे मैंदर्गीचे. खात्याच्या वतीने गावोगाव फिरून कुणब्यांस पेरणी, बियाणे, रोगराई यांविषयी सांगणे हे त्यांचे काम. वाडीत ते सायकल हातात धरून येत, कारण ढेकळांच्या वाटेवर ती चालत नाही. आले की जोतीरामच्या सोप्यात बसत, तांब्याभर पाणी पीत आणि बोलू लागत. बोलता बोलता मध्येच कानडीत शिरत, मग भानावर येऊन स्वतःच हसत. त्यांस सोलापुरात एका अडतीवर कारकुनी चालून आली होती. सावलीतले काम, पगारही बरा. ती त्यांनी नाकारली. जोतीरामने कारण विचारता म्हणाले, “तितं माझं कोण ऐकणार? हितं समदी ऐकतात की. ऐकणारं माणूस भेटलं की पायाचं दुखणं कळत न्हाय बघा.” यावर जोतीराम “व्हय” म्हणाला.

२. वस्तुस्थिती अशी की, वाडीत त्यांचे कोणीही ऐकत नव्हते. साहेबांनी हे वाक्य कृपा करून पुन्हा वाचावे. मास्तरांनी आडवी नांगरट सांगितली, वाडी व्हय म्हणाली. खताचा खड्डा सांगितला, वाडी व्हय म्हणाली. मास्तरांची पाठ फिरली की पहिले पाढे पंचावन्न. यात मास्तरांविषयी अनादर नव्हता, उलट मायाच होती. उन्हातान्हातून दारी आलेल्या, आपले पाणी प्यालेल्या माणसास तोंडावर न्हाय म्हणणे हे त्या बाजूस हलके समजतात. व्हय म्हणावे, दोन घास वाढावेत, शिवेपर्यंत पोचवावे आणि आपल्याला करायचे तेच करावे, अशी रीत. मास्तर मात्र त्या व्हयवर विसंबून खात्यास कळवत राहिले. “मास्तर खुशीत जायचं, मला तेच लई बरं वाटायचं,” असे जोतीराम सांगतो, आणि सांगताना मान खाली घालतो.

३. गेल्या हस्तात, शाळूच्या पेरणीआधी, मास्तरांनी घरोघर मोरचुदाच्या पुड्या वाटल्या. पुडी पाण्यात विरघळवून त्यात बी बुडवावे, सावलीत वाळवून पेरावे, म्हणजे काणी पडून दाण्याच्या जागी काळी भुकटी होत नाही, असे त्यांनी समजावले व एका पातेल्यात करूनही दाखवले. जोतीराम व्हय म्हणाला. परंतु त्याची आई मथुराबाई हिने ते निळे पाणी पाहून सूप पदराआड घेतले. पेरणीच्या बियास ती दरसाल हळदकुंकू वाहते आणि मगच ते कणगीबाहेर काढते. “बी म्हंजी घरची लेक. तिला इख पाजून सासरी धाडू व्हय रं?” असे तिने विचारले. पुडी देवाच्या दिवळीत टाकांमागे गेली. थोड्याफार फरकाने घरोघर हेच झाले.

अपवाद एकच. शेजारच्या रानाची चंद्रव्वा मास्तरांस तोंडावर न्हाय म्हणाली. औषध आपल्या घरी घेऊन जा, असेही म्हणाली. मास्तर तिच्या दारात बसून कानडीत भांडले, तीही कानडीतच भांडली. शेवटी तुम्हाला खोटे पाडून दाखवते म्हणून तिने ईर्ष्येने सगळे बी त्या पाण्यात बुडवले.

४. पौषात काणी पडली. वाडीचा शाळू काळा झाला, चंद्रव्वेचा तेवढा स्वच्छ राहिला. अशात साहेबांचा दौरा आला. वाडीने साहेबांस जोतीरामच्या रानात नेले. चंद्रव्वेच्या बांधाकडे वळू दिले नाही, कारण ती साहेबांसही काहीबाही बोलेल ही धास्ती. साहेबांनी काळे कणीस हातावर चोळून विचारले, औषध वापरले होते काय? मास्तर शेजारी उभे. न्हाय म्हणावे तर मास्तर खोटे पडतात, सर्वांनी वापरल्याचे त्यांनी कळवलेले. त्यांची अब्रू राखावी म्हणून जोतीराम म्हणाला, “व्हय साहेब. मास्तरांनी सांगितलं तसंच समदं केलं.” त्यामागून सगळी वाडी व्हय म्हणाली.

याच मायेने मास्तरांचा घात केला. वापरले होते तर काणी कशी, खरे मोरचूद बाजारात विकून पुडीत भलतेच भरले काय, असे साहेबांनी विचारले आणि ते रास्तच होते. मास्तरांनी आपली बाजू मांडली नाही. आळाचे त्यांस दुःख झाले असेल, पण ते खचले दुसऱ्याच गोष्टीने. ते एवढेच म्हणाले, “परमाण सांगताना माझंच कायतरी चुकलं असंल, साहेब. ह्या लोकांनी माझं ऐकलं, आणि त्येंचंच रान गेलं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिल्याचे समजते.

५. तेव्हापासून जोतीरामला घास गोड लागत नाही. खरे सांगून टाकावे म्हणून तो पुडी कमरेला लावून मैंदर्गीस चालत गेला. मास्तर घरीच होते, सायकल भिंतीला टांगलेली. त्यांनी गूळपाणी दिले, मथुराबाईची चौकशी केली. मग खाली बघून म्हणाले, “राग धरू नका, जोतीराम. तुमी तर सांगितल्यापरमानं केलं होतं की.” पुडी काढावी आणि पाय धरावेत, एवढेच काम होते. पण हातात मास्तरांच्या घरचा गूळ, समोर त्यांचा उतरलेला चेहरा. जोतीराम “व्हय मास्तर” म्हणाला आणि परत आला. वाटेत ओढ्यावर बसून तो रडला. हे लिहू नका असे त्याचे सांगणे होते, तरी लेखकाने लिहिले आहे.

६. सबब विनंती की, राजीनामा मंजूर होऊ नये. चंद्रव्वेचे रान कापणीआधी साहेबांनी स्वतः पाहावे. ती उलट बोलेल, तेच खरे मानावे. यापुढे वाडीत “केलं का?” असे कोणी विचारू नये, “दाखव” म्हणावे. खोट्या उत्तराची जी सजा होईल ती अर्जदार भोगील. पुढचा हस्त येईलच, आणि आता मथुराबाई स्वतः विचारते आहे की पुडीला पाणी किती घालायचे. चंद्रव्वेस विचारले तर ती म्हणते, मास्तरला घालवलंत, आता त्यालाच इचारा. मुख्य विनंती ही की, वरील हकीकत मास्तरांस साहेबांनीच कळवावी, अर्जदाराच्या तोंडून ती निघत नाही.

अर्ज वाचून दाखवला. हे खरे काय, असे विचारता जोतीराम व्हय म्हणाला. इतके लिहिल्यावर त्या व्हयवर अंगठा कसा घ्यावा? म्हणून लेखकाने सवाल फिरवून विचारला, मास्तरांच्या औषधात बी भिजवले होतेस काय? जोतीरामने आधी कचेरीच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाला, “न्हाय.” त्यावर अंगठा घेतला आहे.

आपला अपराधी,
जोतीराम वल्द कुंडलिक
निशाणी, डाव्या हाताचा अंगठा

हस्ते : श्रीमंत, अर्जलेखक
मुक्काम सोलापूर, ता. १२ माहे फेब्रुवारी सन १९३१

सोबत :
१. चंद्रव्वेच्या रानातील शाळूचे स्वच्छ कणीस. मागितल्यावर आधी न्हाय म्हणाली, मग दिले.
२. मोरचुदाची पुडी. दोऱ्याची गाठ मास्तरांच्या हातची आहे, ती तशीच आहे.