ढगातला नकाशा

१२ ऑक्टो. ९८, भोर
दुपारच्या एसटीनं आलो. ट्रॉलर परतला नाही. आज नववा दिवस, शोध थांबवला. धाकटा भाऊ रफिक त्यावर इंजिन सांभाळायचा. इथं ट्रॅक्टर, पंप दुरुस्त करत होता, बरं चाललं होतं त्याचं. मीच ओढून नेला समुद्राकडं.
अम्मीनं पाणी दिलं. विचारलं काहीच नाही.

१३ ऑक्टो.
आज विचारलं. "तुझं ते वरचं यंत्र समदं बघतं म्हनतोस. मग माझा रफिक कुठं हाय ते बघ की."
काय सांगू हिला? उपग्रह पाण्याचं तापमान सांगतो. गार-गरम पाणी भिडतं तिथं मासा. नकाशा फॅक्सनं येतो, मी धक्क्यावरच्या फळ्यावर जागा लिहितो. माणूस दिसत नाही त्यात. ट्रॉलरसुद्धा नाही.
"मग आग लागो त्याला."
लागो.

१५ ऑक्टो.
उत्रोलीचा एक शेतकरी पंप घेऊन आला. "धाकटं मिस्त्री कवा येनार?"
अम्मी म्हणाली, "येईल की. ठिवून जा."
पंप दारात आहे. मला बाहेर पडवत नाही.

१६ ऑक्टो.
लिहून टाकतो. ढग असले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, फॅक्स येत नाही. तेव्हा फळा पुसून 'आज नकाशा नाही' लिहायचं. त्या शनिवारी ढग. बोटी चालवणारे सगळे तांडेल जागेसाठी डोकं खात होते. मी बुधवारचीच जागा ठेवली, तारीख तेवढी बदलली. लई लांबची जागा. वारा बघून बाकीचे गेले नाहीत. रफिकचा ट्रॉलर गेला. "भाईनं लिहिलंय म्हंजे पक्कं." हसत होता गाढव.
हात झडला असता त्या दिवशी तर बरं.

१८ ऑक्टो.
शबाना आली, रफिकची बायको. वेल्ह्याला माहेरी होती. हातात बांगड्या तशाच.
म्हणाली, "भाई, निघायच्या आदी त्यांनी फोन केलता. ढग लई हाय, पन भाईनं नकाशा लिवलाय म्हनले. त्यांनीच मला सांगितलंतं, ढगात नकाशा येत न्हाई. मग त्या दिवशी कसा आला?"
अम्मीचा तांदूळ निवडता हात थांबला.
मी म्हणालो, चहा ठेव. आणि आत येऊन बसलो. चहा कधीच झालाय. दोघी बसल्यात माझी वाट बघत.
शबानाला वाचता येतं. ही वहीच तिच्या हातात देतो.