नवव्याच्या पुढे चौदावा

तीर्थरूप दानांगदादा,

ईदला तुझ्यासमोर गुडघे टेकून करते तसाच इथूनही नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? मकास्सरचं खाणं पचतं का? आई बरी आहे. (गुडघे दुखतात, पण तक्रारीला जोर आहे.) तुझं उत्तर शुक्रवारच्या आत हवं, असं तिने बजावलंय. तुझा होकार हवाय. कशाला, ते तळाशी लिहिलंय. आधी तिथे बघू नकोस, मी तुला ओळखते.

तर आमच्या दूध संघात डेटाबेस बदलणं चाललंय. चेपोगो गावच्या गायी नव्या डेटाबेसात गेल्या, मुसुकच्या अजून जुन्यात आहेत. डेटाबेसशी बोलायला क्लायंट नावाचा प्रोग्राम लागतो. जुन्याला त्याची नववी आवृत्ती, नव्याला चौदावी, आणि दूध घ्यायच्या टेबलावर कॉम्प्युटर मात्र एकच. (दुसरा मागितला तेव्हा अध्यक्षांनी भिंतीला रंग लावून दिला.) त्या टेबलाशी तुमिनीबाई सत्तावीस वर्षं बसतायत. पडद्यावर गायीची नोंद दिसल्याशिवाय त्या कॅन आत घेत नाहीत, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

रविवारी मी चौदावा बसवला. दोघांना हाक मारायचं नाव एकच. कॉम्प्युटर एका यादीच्या क्रमाने शोधत जातो आणि आधी सापडेल त्याला उठवतो. त्या यादीत मी चौदाव्याला वर घातलं. नवा आहे, चुणचुणीत आहे, म्हटलं बसू दे पुढे. सोमवारी सकाळी तुमिनीबाईंनी मुसुकची गाय मागितली आणि उठला चौदावा. त्याने जुन्या डेटाबेसला ओळखच दाखवली नाही. बाहेर मुसुकचे एकतीस शेतकरी, त्यांचे एकतीस कॅन आणि चढतं ऊन. मी घाबरून तुला फोन केला. तू म्हणालास, "जुना काढून टाक आणि मोकळी हो." मी खरंच काढला. त्यानंतर मुसुकच्या गायी माझ्यापुरत्या जगातच उरल्या नाहीत.

तुमिनीबाईंनी चष्मा काढला. "लारस, धाकट्याला थोरल्याच्या पुढे बसवलंस. थोरल्याला विचारलंस? त्याला काही दिलंस?"

"अहो बाई, प्रोग्राम आहे तो."

"मग रुसला का?"

माझ्या पिशवीत बाटिकचं नवं शर्टाचं कापड होतं. बाईंनी ते मानाने कॉम्प्युटरवर पांघरलं आणि वर गोड चहाचा ग्लास ठेवला. कॉम्प्युटर तापला, म्हणून पाव तासाने दोन्ही उतरवलं.

शेवटी सेमारांगहून प्रसोजो मोटरसायकलवर आला. (डेटाबेसचं काम ज्या कंपनीकडे आहे तिथला. कामाला बरा आहे.) त्याच्याकडे नववा होता. तो त्याने परत बसवला, दोघांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या, यादीतून दोघांचीही नावं काढली आणि पडद्यावर दोन चित्रं ठेवली. मुसुकच्या चित्रावर टिचकी मारली की नववाच उठतो, चेपोगोच्या चित्रावर चौदावाच. आता कुणी कुणाच्या पुढे नाही. तोवर नऊ कॅन नासले होते. त्या नऊ घरी मी प्रसोजोच्या मागे बसून गेले आणि माफी मागितली. एकही जण ओरडला नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

पाठीला जप.

तुझी धाकटी,
लारस

ता. क. प्रसोजोने मला मागणी घातलीय आणि मी हो म्हटलंय. आई म्हणते, थोरला बिनलग्नाचा असताना धाकटीने पुढे जायचं तर त्याचा होकार हवा, आणि त्याला मानाची भेट हवी. तुझं कधी, ते मी विचारत नाही. पण तुला ओलांडून जाताना मला वाईट वाटतंय, खरंच.

ता. क. २. जुना काढायचा सल्ला कुणाचा होता, हे तुमिनीबाईंना शुक्रवारपर्यंत सांगणार नाही.

ता. क. ३. भेटीचा फार विचार करू नकोस. ते बाटिकचं कापड तुझंच आहे, मागणी आली त्याच दिवशी घेतलं होतं. महिनाभर पिशवीत घालून फिरत होते, पाठवायचा धीर होत नव्हता. मधोमध चहाचा गोल डाग पडलाय. शिवताना तो भाग पाठीवर घे.